बाराखडीचा साचा आणि गुरुजींची फाइल

आमच्या गुरुजींनी नोकरीची बत्तीस वर्षे परतूर आणि मंठा तालुक्यांतल्या शाळांत काढली. बदली होईल त्या गावी त्यांनी एक काम नेमाने केले. त्या गावच्या शेतांची नावे ते उतरवून घेत. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर त्यांना नको असत; माणसे बांधावर उभी राहून जी नावे घेतात ती हवी असत. 'खारी', 'चिंचेचं', 'मसणवट्याची', 'इनामाची', 'बारवेखालचं' अशी ती नावे. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतले दप्तर उर्दूत आणि मोडीत होते. पुढे १९५४-५५ चे खासरा पत्रक आले, मग एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि प्रत्येक पायरीवर कागदावरची नावे कमी होत आकडे वाढत गेले. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आमचा परतूर तालुका परभणीतून निघून इकडे आला, तेव्हा दप्तराचीही वाटणी झाली. शेतांची ही नावे यातल्या कुठल्याच दप्तरात धड नव्हती. ती होती गुरुजींच्या वह्यांत.

१९९७ साली गुरुजींनी त्या वह्या जालन्यात एका दुकानातून संगणकावर जुळवून घेतल्या. पुस्तक काढायचे होते. पैसे जमले नाहीत. वह्या माळवदाच्या घरात लाकडी पेटीत राहिल्या आणि वाळवीने खाल्ल्या. २००६ साली गुरुजी वाटूर फाट्यावरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले आणि एक सीडी काउंटरवर ठेवून म्हणाले, "यात चौदा गावं हायेत. बघ उघडते का."

फाइल उघडली. पडद्यावर मराठीचा एकही शब्द नव्हता. रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे, कंस, डॉलरची खूण, आणि मधेच युरोपातल्या भाषांत असतात तसली टोपीवाली अक्षरे, असा सगळा पालापाचोळा पडलेला. ज्या दुकानात ती जुळवली ते दुकान बंद झालेले, आणि त्यांनी वापरलेला फॉन्ट कोणता, हे गुरुजींना माहीत असण्याचे कारण नव्हते.

हा लेख त्या फाइलीबद्दल आहे. पण ती वाचता येण्यासाठी मला मराठी अक्षरांच्या छपाईचा आणि संगणकाच्या एका युक्तीचा इतिहास मागे जाऊन शिकावा लागला, म्हणून तो इतिहास आधी सांगतो. दिवाळी अंकांत पाणिनीला संगणकाचा जनक ठरवणारा एखादा लेख दरवर्षी असतोच. हा तसला लेख नाही. पाणिनीला त्याची गरज नाही आणि संगणकालाही.

मी स्वतः संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही. बारावीनंतर जालन्यात एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीची हँडबिले. तिथे पहिल्या आठवड्यात जे कळले ते शाळेत कळले नव्हते. शाळेत बाराखडी घोकताना क, का, कि, की ही बारा वेगवेगळी अक्षरे वाटतात. छापखान्यात कळते की हे एकाच अक्षराला लावलेले बारा साज आहेत. 'क' काढा, तिथे 'ख' ठेवा, बाकी सगळे तसेच. बाराखडी ही यादी नाही, तो साचा आहे. एक जागा रिकामी ठेवलेली, आणि त्या जागी जे व्यंजन घालाल त्याचे अख्खे कुटुंब तयार होऊन बाहेर पडते. मूल दोन-तीन व्यंजनांची बाराखडी पाठ करते आणि मग 'ळ'ची कुणी न शिकवता म्हणते, ते यामुळे.

हा साचा धातूत उतरवताना आपल्या लोकांनी फार खस्ता खाल्ल्या. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापले, जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला. या दोन सालांच्या मधल्या आणि नंतरच्या काळात मुख्य झगडा होता तो खिळ्यांच्या संख्येचा. इंग्रजीचे सव्वीस गुणिले दोन, वर विरामचिन्हे, की केस भरली. मराठीत प्रत्येक व्यंजनाला उकार, मात्रा, रफार, अर्धे रूप. सगळे एकसंध ओतायचे तर शेकडो खिळे. यातून दोन पंथ निघाले. अखंड टाइपात अक्षर त्याच्या उकार-मात्रेसकट एकाच खिळ्यावर असते. डिग्री टाइपात मूळ अक्षर वेगळे आणि त्याच्या वर-खालचे तुकडे वेगळे. जुळाऱ्याने ते बसवायचे. अखंडात केस अवाढव्य होते पण ओळ पटकन लागते. डिग्रीत खिळे कमी, पण जुळाऱ्याच्या डोळ्यांचे आणि बोटांचे हाल. बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ १९७१ साली राज्याच्या भाषा संचालनालयाने काढला, त्यात हा सगळा पट मांडलेला आहे. मराठीत खिळ्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाने तो एकदा तरी चाळावा.

लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी टाइपांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. सावरकरांची लिपिशुद्धी त्याच वाटेवरची, पण पुढची पायरी. त्यांनी विचारले की बाराखडीचा साचा व्यंजनांना चालतो, तर स्वरांना का नको? म्हणून अि, अी, अु, अू, अे, अै. 'किर्लोस्कर'चे जुने अंक ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ही अक्षरे आठवतील. लोकांनी ती स्वीकारली नाहीत, डोळ्यांना खुपली. मला मात्र जुळारी म्हणून त्यांतला विचार बरोबर वाटतो. 'अ' हीच रिकाम्या जागी घालायची आणखी एक वस्तू.

आता संगणकाची बाजू. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीत गार्मिश या गावी नाटोच्या आश्रयाखाली एक परिषद भरली. आज्ञावल्या लिहिण्याचे काम हाताबाहेर जात आहे, काय करावे, असा विषय होता. तिथे डग्लस मॅकिलरॉय यांनी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे: बाजारात जसे निरनिराळ्या मापांचे नट-बोल्ट तयार मिळतात तसे आज्ञावल्यांचे सुटे भाग मिळायला हवेत. त्यांनी उदाहरण घेतले त्रिकोणमितीतल्या साइन फलाचे. कुणाला जास्त अचूक हवे, कुणाला जलद, कुणाला चुकीचा आकडा आला तरी न कोलमडणारे. प्रत्येकासाठी वेगळे लिहित बसायचे की मापे सांगितल्यावर त्या मापाचा भाग बनवून देणारा कारखाना असावा? हा कारखाना म्हणजेच बाराखडीचा साचा.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी घडवलेल्या एडा या भाषेत १९८३ च्या प्रमाणात ही सोय थेट भाषेतच आली. तिथे तिला 'जनेरिक पॅकेज' म्हणतात. पॅकेज म्हणजे नावांचे घर. आमच्या वाटुरात शांताबाई किती आहेत ते मोजावे लागेल, पण 'अमक्यांची शांताबाई' म्हटले की घोळ संपतो. आज्ञावलीतही 'रूपांतर' नावाची कृती दहा ठिकाणी असू शकते. ती कुणाच्या घरची, हे पॅकेज सांगते. आणि जनेरिक म्हणजे असे घर की ज्याचा नकाशा तयार आहे, फक्त काही मापे शिल्लक आहेत. मापे द्या, घर उभे.

एडामध्ये मात्र ती मापे आधी, आज्ञावली चालू होण्यापूर्वी, लिहून द्यावी लागतात. माझ्या अडचणीत नेमके हेच चालणार नव्हते. इथे छापखान्यातलीच तुलना देतो. ओतून ठेवलेल्या खिळ्यांच्या केसा असतात, त्यात जे आहे तेवढेच तुमच्या हाती. मोनोटाइप यंत्रात मातृका, म्हणजे अक्षराचा उलटा ठसा, ठेवलेली असते आणि मजकूर येईल तसतसा खिळा त्याच क्षणी ओतला जातो. एडा म्हणजे केस. मला मोनोटाइप हवे होते.

ते मला पर्लमध्ये सापडले. लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ ला प्रसिद्ध केली. पाचवी, जिच्यावर मी काम केले, ऑक्टोबर १९९४ ची. वॉल मूळचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेला लिपी करून द्यावी, असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा बेत होता. तो तडीस गेला नाही आणि ते संगणकाकडे वळले. परतूरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना हे वाचले तेव्हा मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली, आणि हे पुस्तक पुरे करायचे असे ठरवले.

पर्ल ही स्क्रिप्टिंगची भाषा; तिच्यात लिहिलेले तिथल्या तिथे चालते. शिवाय तिच्यात पॅकेज ही दगडात कोरलेली वस्तू नाही. प्रत्येक पॅकेजच्या मागे नावांची एक वही असते आणि ती वही आज्ञावली चालू असताना उघडता येते, तिच्यात नवी नोंद करता येते, अख्खी नवी वही घालता येते. म्हणजे आज्ञावली चालता चालता स्वतःसाठी नवी घरे बांधू शकते. २००२ च्या जुलैत आलेल्या ५.८ या आवृत्तीत युनिकोडची सोयही बऱ्यापैकी झाली होती. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवे?

पण घरे कशाची बांधायची, हे समजायला मराठी फॉन्टांचा गोंधळ समजावा लागेल.

आपल्याकडे सुरुवात चांगली झाली होती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम सुरू झाले, मोहन तांबे त्यात पुढे होते. पुढे हे काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले आणि 'जिस्ट' या नावाने वाढले. १९८६ साली इनस्क्रिप्ट कळफलक ठरला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. इस्कीमागची कल्पना मला आजही थक्क करते. ब्राह्मीतून निघालेल्या आपल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, तेव्हा 'क'ला एकच क्रमांक: १७९. तो देवनागरी दाखवायचा की गुजराती की तेलुगू, हे एका वेगळ्या खुणेने सांगायचे. ती खूण बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसतो. लिपी ही रिकाम्या जागी घालायची वस्तू! बाराखडीचा साचा इथे एक मजला वर चढलेला आहे.

१९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून भारतीय लिप्या घेतल्या, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. घरे मात्र एकाच नकाशाची. देवनागरी 'क' २३२५ वर, बंगाली 'क' २४५३ वर, गुरुमुखी २५८१ वर, गुजराती २७०९ वर. दर वेळी १२८ मिळवायचे की शेजारच्या घरातल्या त्याच खोलीत पोचलात. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली ती या रांगेबाहेर, आणि तिचा नकाशाही वेगळा. व्यवहारातली मोडी ह्रस्व-दीर्घ वेलांटीत फरक करत नाही, त्यामुळे तिथे बाराखडी तशीही बारा घरांची राहत नाही.

इतके सगळे असताना गुरुजींची फाइल का वाचता येईना? कारण १९९७ साली जालन्यातल्या दुकानात यांपैकी काहीच पोचले नव्हते. तिथे पेजमेकर होते आणि पेजमेकरला इंग्रजी कळत होते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक पळवाट काढली. संगणकाला वाटू द्यायचे की आपण रोमन अक्षर ठेवतो आहोत. फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी मराठी तुकड्याचे चित्र भरायचे. जागा एकूण २५६, त्यातल्या कितीतरी वापरता न येणाऱ्या. उरलेल्या दोनएकशे जागांत अख्खी मराठी बसवायची. म्हणजे पुन्हा डिग्री टाइप! 'ग' नाही ठेवायचा. अर्धा 'ग' ठेवायचा आणि त्याला काना जोडायचा. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवले. सी-डॅकने फॉन्टसाठी इस्फॉक हा संकेत केला होता, पण बाजारात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाची मांडणी निराळी. कृतिदेवची तर रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळांवर बेतलेली. फॉन्ट गेला की मजकूर गेला. १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत मराठीत जे छापले गेले, दिवाळी अंकांसकट, त्याच्या संगणकावरच्या प्रती बहुतेक अशाच बंद पेट्या आहेत. कागद आहे तोवर ठीक.

गुरुजींनी छापून काढलेली सहा पाने त्यांच्या ट्रंकेत सापडली. तेवढ्या आधारावर मी तक्ता भरायला लागलो. सर्वांत जास्त वेळा येणारी खूण काना, ही पहिली कडी. मग 'शेत', 'गाव', 'नाव' हे शब्द. तीन महिने दुकान बंद झाल्यावर रात्री हेच काम. आणि तेव्हा कळले की फाइलीत एक फॉन्ट नाहीच, तीन आहेत. मजकुराचा एक, शेतांच्या नावांचा ठळक दुसरा, आणि तळटीपांचा तिसरा. प्रत्येकाची मांडणी थोडी थोडी वेगळी.

नुसता तक्ता पुरत नाही. जुन्या फॉन्टांत ह्रस्व वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी, ठेवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर हवी. रफार अक्षराच्या नंतर ठेवलेला असतो. तो जोडाक्षर आणि मात्रा ओलांडून मागे न्यावा लागतो. कुठे रफार आणि अनुस्वार एकाच तुकड्यात असतात. 'वऱ्हाड' आणि 'दुसऱ्या'मधला चंद्रकोरी अर्धा र प्रत्येक फॉन्टचा वेगळा. 'रु' आणि 'रू' कुणी अखंड ठेवतात, कुणी जोडून. ही झाली मापे. फॉन्टचा तक्ता आणि ही पाच-सात मापे दिली की त्या फॉन्टचे रूपांतर करणारे पॅकेज तयार व्हावे, असा साचा मी लिहायला घेतला. फाइल आरटीएफ स्वरूपात काढून घेतली होती. तिच्या माथ्यावरच आत वापरलेल्या फॉन्टांची यादी असते. आज्ञावलीने ती यादी वाचायची, प्रत्येक नावाचे पॅकेज त्याच क्षणी उभे करायचे आणि मजकुरात फॉन्ट बदलेल तसा मजकूर त्या त्या घरी पाठवायचा. कोणते फॉन्ट निघतील हे आधी माहीत नसते, म्हणून ही घरे आधी बांधून ठेवता येत नाहीत.

हा साचा मी दोनदा चुकवला. पहिली चूक सांगण्यासारखी मजेची, दुसरी तशी नाही.

पहिल्या पद्धतीत मी पॅकेजचा मजकूर एका लांब वाक्यासारखा जुळवायचो, रिकाम्या जागी तक्ता चिकटवायचो आणि पर्लला म्हणायचो, हे वाच आणि चालव. दोन फॉन्टांना चालले. तिसऱ्याला आज्ञावली कोसळली. कारण शोधायला दोन दिवस गेले. त्या फॉन्टमध्ये एक मराठी तुकडा रोमन अवतरणचिन्हाच्या जागी बसवलेला होता. पर्लला वाटले, वाक्य इथे संपले. जुळाऱ्याच्या स्टिकमध्ये एक खिळा उलटा बसावा आणि पुढची ओळ सगळी सांडावी तसे. पुढे वाचनात आले की पायथन या भाषेत २००८ सालच्या २.६ आवृत्तीतली 'नेमड्‌टपल' ही सोयही असाच मजकूर जुळवून वर्ग तयार करत असे. तिथे नावे नीट तपासून मगच साच्यात घालत. थोर लोक तपासतात, मी तपासले नव्हते, एवढाच फरक.

मग मी दुसरी पद्धत घेतली. मजकूर चिकटवायचा नाही. कृती एकदाच लिहायची, तिला तिचा तक्ता सोबत बांधून द्यायचा आणि ती कृती थेट पॅकेजच्या वहीत नोंदवायची. लेक सासरी जाताना शिदोरी बांधून देतात तसे. अवतरणचिन्ह असो की कंस, तो तक्त्यात पडून राहतो, कुणाला वाक्य वाटत नाही. २००७ च्या पावसाळ्यात चौदा गावे मराठीत वाचता आली. गुरुजी दुकानात बसून पडद्यावर वाचत होते, अधूनमधून "हां" म्हणत. त्यांनी दोन तास चहा घेतला नाही.

२०१० साली त्या नावांवर मी एक छोटी पुस्तिका काढली. आमच्या शिवाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या तीन गावांत 'वनाची' या नावाची शेते मिळतात, त्यांची रांग लागते, तेव्हा इथे एके काळी सलग जंगल असावे, असा त्यात माझा निष्कर्ष होता. मला तो फार आवडला होता. एका व्याख्यानात सांगितला, टाळ्या मिळाल्या. २०११ साली गुरुजी गेले.

२०१२ मध्ये त्याच तीन गावांपैकी एका गावी एका म्हाताऱ्या आजींना मी ते पान वाचून दाखवले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वन कुठलं रं बाबा? बनाची म्हण. बोरीचं बन हुतं तिथं. आम्ही येचाया जायचो."

मी घरी येऊन आज्ञावली उघडली. तीन फॉन्टांची तीन घरे होती, पण तक्ता मी घराबाहेर, एका सामाईक जागी ठेवला होता. प्रत्येक घर बांधताना त्या जागेत नवा तक्ता येत होता आणि जुना पुसला जात होता. शिदोरी बांधून दिली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तिघींनाही एकाच डब्याचा पत्ता दिला होता. तिन्ही घरे शेवटच्या फॉन्टच्या तक्त्याने वाचत होती. मांडण्या इतक्या सारख्या होत्या की बहुतेक अक्षरे बरोबरच उतरली. मजकुरात जिथे एखादे अक्षर वेडेवाकडे दिसले तिथे मी ते हाताने सुधारले होते, वाक्याच्या ओघात कळत होते म्हणून. शेतांच्या नावांना ओघ नसतो. ठळक फॉन्टमध्ये अर्धा 'ब' आणि अर्धा 'व' यांच्या जागा उलट होत्या. 'बन' काय, 'वन' काय, दोन्ही मराठी शब्द. संगणकाने तक्रार केली नाही, मीही केली नाही, आणि जंगल उगवले.

दुरुस्ती एका ओळीची होती. तक्त्याचे चल घराच्या आत घोषित केले की प्रत्येक घराला स्वतःची प्रत मिळते. पुन्हा चालवले तेव्हा सदतीस नावे बदलली. 'वनाची' नऊ होती, ती सगळी 'बनाची' झाली. गुरुजींनी २००७ मध्ये पडद्यावर ती वाचली असणार. डोळे अधू झाले होते, की लहानपणापासून तोंडात बसलेलेच नाव त्यांनी पडद्यावर वाचले, हे आता कुणाला विचारू? पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत मी शुद्धिपत्र चिकटवले. विकल्या गेलेल्या प्रती जिथे असतील तिथे जंगल घेऊन आहेत. गेल्या वर्षी एका प्रबंधात माझ्या पुस्तिकेचा हवाला देऊन तेच जंगल आलेले पाहिले. मी पत्र लिहिले आहे.

त्यानंतर साच्यात मी दोन गोष्टी वाढवल्या. एक, प्रत्येक घर उभे राहिले की त्याने आपल्या फॉन्टची बाराखडी आधी म्हणून दाखवायची. ती चुकली तर पुढे जायचे नाही. छापखान्यात नवा टाइप आला की आम्ही पहिली प्रूफ बाराखडीचीच काढत असू, ते मी विसरलो होतो. दुसरी, 'ॲ'चे माप. युनिकोडने हे अक्षर एकसंध स्वरूपात २००८ च्या ५.१ आवृत्तीत दिले. त्याआधी 'अ'ला चंद्र जोडावा लागे. दोन्ही दिसायला सारखे, शोधताना वेगळे. २००७ चे माझे रूपांतर जुन्या पद्धतीचे होते. शेतांच्या नावात 'ॲ' कशाला येईल, असे वाटेल. पण एका गावी कॅनॉलकडच्या शेताला 'ॲक्वाडक्टची' म्हणतात आणि गुरुजींनी ते तसेच लिहिले आहे.

या साच्यावर पुढे सात फॉन्टांची घरे उभी राहिली. एका मासिकाचे चार अंक, एका कीर्तनकारांची टिपणे, दोन ग्रामपंचायतींचे स्मरणग्रंथ त्यातून बाहेर आले. आता फॉन्ट-रूपांतराच्या तयार सोयी बऱ्याच आहेत आणि प्रचलित फॉन्टांना त्या माझ्यापेक्षा चांगल्या चालतात. माझा साचा उपयोगी पडतो तो ज्यांचे नाव-गाव कुणाला ठाऊक नाही अशा फॉन्टांना. तक्ता साध्या वहीतल्या दोन रकान्यांसारखा असतो, तो भरायला पर्ल यावी लागत नाही. गावातली दोन पोरे तो माझ्यापेक्षा जलद भरतात.

गुरुजींच्या फाइलीतला तिसरा, तळटीपांचा फॉन्ट अजून पुरा झालेला नाही. त्यातल्या दोन जागांवर कोणता तुकडा होता ते सहा छापील पानांत येत नाही. त्या दोन खुणा मिळून अकरा नावांत आहेत. त्यातली सहा नावे मी गावोगाव विचारून पक्की केली आणि त्यावरून अंदाज बांधला. अंदाज दोन निघतात आणि दोन्ही बसतात. उरलेली पाच नावे ज्या शिवारांची आहेत ती निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्याखाली गेली. तिथली माणसे पुनर्वसनात विखुरली. सेलूला राहणाऱ्या एका आजोबांचा पत्ता मला या मे महिन्यात मिळाला होता. गेलो तेव्हा त्यांचे तेरावे होऊन गेले होते. मुलाला विचारले तर तो म्हणाला, वडील त्या शेताला नुसते 'आपलं शेत' म्हणायचे.

तक्त्यात त्या दोन जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. आज्ञावली तिथे आली की चौकोन काढते आणि पुढे जाते.